वडमाळचं इंडिया गेट

१

चोवीस जानेवारीच्या सकाळी वडमाळ फाट्यावर असा काही गलका उठला, की विमलबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावल्या. भाकरी करपली ती करपलीच.

औरादहून येणारा रस्ता जिथं गावाकडं वळतो तिथं गावानं नवी कमान बांधली होती. वर्गणी गावाची, वाळू गावाची, घामही गावाचा. दोन्ही खांबांत मिळून पणत्या ठेवायला अकरा दिवळ्या होत्या, एकीकडं पाच आणि दुसरीकडं सहा. अजून कमानीचं उद्घाटन व्हायचं होतं, पण कर्नाटक बसचे कंडक्टर आतापासूनच ओरडायला लागले होते, "इंडिया गेट, इंडिया गेट इळीरीऽ!" आणि उतरणारी माणसं जरा ऐटीत उतरत होती.

त्या कमानीच्या पायथ्याशी आज नुसती ताडपत्री पडली होती, नीट घडी केलेली. तिच्याखालचा काळा दगड गायब होता.

"दगड गेला, पोस्टअक्का!" चहाची टपरी चालवणारा व्यंकट जवळजवळ रडत म्हणाला. "दूध आणाया गावात गेलो. अर्ध्या तासात आलो तर दगड न्हाई!"

विमलबाईंना सगळा पट्टा पोस्टअक्का म्हणायचा. तेहतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळून त्या गेल्या साली मोकळ्या झाल्या. पाकिटावर पत्ता अर्धा असला तरी माणूस पुरा शोधायच्या, अशी त्यांची ख्याती. वडमाळातून फौजेत गेलेली आणि परत न आलेली पोरं त्या दगडावर नावानिशी कोरलेली होती. सगळ्यांत वरचं नाव त्यांच्या धाकट्या भावाचं होतं, रत्नपालचं.

"हे बघा! हळद-कुंकू!" कुणीतरी किंचाळलं. दगड जिथं टेकवला होता तिथं मातीवर हळदीकुंकवाचा सडा आणि फुटलेल्या नारळाची करवंटी. "भानामती केली! कुणीतरी भानामती केली गावावर!"

झालं! अर्धी गर्दी दहा पावलं मागं सरली.

"गप बसा रे," विमलबाई गरजल्या. "बाबासाहेबाच्या फोटोखाली वाढलेली बाई हाय मी. भानामतीला दगड उचलायला हात कुठून आले? ही माणसाची करणी हाय, अन् माणूस मी शोधते."

तेवढ्यात पंचायतीचे अध्यक्ष शिवराज मोटारीतून उतरले. सगळं ऐकून घेतलं, खाकरले आणि म्हणाले, "हे बघा अक्का, परवा आठ वाजता तहसीलदारसाहेब येणार. रिकामी कमान दाखवून गावाची अब्रू घालवायची का? माझ्याकडं दुसरा दगड तयार हाय. 'उद्धवराव प्रवेशद्वार'. माझ्या वडलांच्या नावाचा."

विमलबाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. दगड गेला आज पहाटे, आणि ह्यांचा दुसरा दगड तयारसुद्धा?

२

नावावरून भांडण जुनं होतं. गावसभेत व्यंकटनं टेबलावर मूठ आपटली होती. "इंग्रजी नाव कामून? दिल्लीची नक्कल कामून? असलं नाव लावलं तर मी घण घालीन!"

तेव्हा विमलबाई उठल्या होत्या. लेकीच्या, प्रेरणाच्या, परीक्षेसाठी त्या एकदा दिल्लीला गेल्या होत्या. तिथं इंडिया गेटच्या दगडांवर नावं कोरलीत एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मग काय, मान दुखेस्तोवर त्या भिंतीवर रत्नपाल शोधत राहिल्या. शेवटी एका पोलिसानं सांगितलं, माताजी, ये बहुत पुरानी लड़ाई के नाम हैं. तुमचा भाऊ इथं नाही. आता तिथं शेजारी नवं स्मारक झालंय म्हणतात, पण वडमाळच्या बाईला पुन्हा दिल्ली कुठली?

"आपल्याला वाटतं ते दार हाय," सभेत त्या म्हणाल्या होत्या. "दार न्हाई ते! दाराला कवाड असतंय, घर असतंय. त्याचं पहिलं नावच युद्ध स्मारक होतं. तेरा हजारांच्या वर नावं हैत त्याच्यावर. ती नावं काढून घेतली तर खाली काय उरंल? नुसती कमान. इंडिया गेट म्हंजे तिथं लिहिलेली माणसं. आपल्या गावच्या अकरा पोरांना दिल्ली लांब पडती, म्हणून दिल्लीच हिकडं आणायची."

सभा उभी राहिली होती. नाव ठरलं होतं. आता परवा सकाळपर्यंत दगड मिळाला नाही तर कमानीला उद्धवराव चिकटणार आणि रत्नपाल दिल्लीतही नाही, वडमाळातही नाही, असा व्हायचा. उद्धवराव भला माणूस होता, पण त्यानं कधी हातात गोफणसुद्धा धरली नव्हती.

विमलबाईंनी शिवराजना टपरीमागं गाठलं. "खरं बोल. दगड तू हलवलास?"

शिवराज चिडले नाहीत, हसले. "अक्का, मला हेवा वाटला हे कबूल. बापाचं नाव मला बी लावायचंय. कमानीच्या दुसऱ्या बाजूला बसवू म्हणून डिसेंबरातच दगड करून घेतला. पण तुमचा नावांचा दगड मला नको असता तर मी हळदकुंकू लावून नेला असता का? माझा खडीचा क्रशर हाय. दोन मिनिटांत गिट्टी झाली असती, तुमच्या हाती कणसुद्धा लागला नसता."

बोलणं उद्धट होतं पण खरं होतं. विमलबाईंनी मनातल्या यादीतून एक नाव खोडलं.

व्यंकटचं नाव खोडायला त्याहून कमी वेळ लागला. त्यांनी विचारलं, "घण घालणार होतास ना?" तसा तो लाजला आणि टपरीच्या मागून एक पाटी ओढून आणली. रंग अजून ओला होता. 'इंडिया गेट टी स्टॉल'.

"बसगाड्या थांबायल्या अक्का आता हितं," तो पुटपुटला. "परवा लावणार होतो. कुणाला सांगू नका."

एवढ्या गंभीर प्रसंगी हसू नये, पण विमलबाई हसल्या.

मग त्या खाली वाकल्या आणि माती बघत बसल्या. दोन माणसांनी जेमतेम उचलावा असा दगड, पण ओढल्याचा चर कुठं नव्हता. आडव्या आडव्या दाबाच्या खुणा होत्या, सारख्या अंतरावर, थेट सडकेपर्यंत. गोल लाकडं खाली घालून दगड सरकवला होता. खुणांच्या कडेला ओल्या गोणपाटाचे धागे चिकटले होते.

"ओलं पोतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पॉलिशला चरा पडू नये म्हणून."

म्हणजे चोराला दगड फोडायचा नव्हता, विकायचाही नव्हता, नावं कोरलेला दगड घेतो कोण? त्याला तो अखंड हवा होता. आता नावांच्या दगडाचं माणूस काय करील? एक तर वाचील. पण वाचायला तो उचलून न्यावा लागत नाही.

नाही तर त्याच्यावर आणखी काहीतरी लिहील.

विमलबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांची नजर कमानीच्या दिवळ्यांवर गेली.

३

हरिओम मास्तर बिदर शहरातला. तीन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आला. मोठा उत्साही माणूस. जवानांची यादी त्यानंच घरोघर हिंडून केली होती.

"मास्तर, दगडाचा फोटो हाय का तुमच्या फोनात?"

फोटो होता. विमलबाईंनी चष्मा पुसला आणि बोटानं एकेक नाव मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"दहाच हैत."

"हो, दहाच," मास्तर म्हणाला.

"दिवळ्या अकरा हैत, मास्तर. सभेत मी अकरा म्हणलेलं. गवंड्याला कळलं, तुमाला न्हाई?"

मास्तरचा चेहरा उतरला. त्यानं वही काढली. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, 'फौजी (शकुबाईंचे पती). माहिती उपलब्ध नाही.'

शकुबाई! गावाच्या टोकाला एकटी राहणारी, त्र्याहत्तर वर्षांची. एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गाव त्याला फौजी म्हणायचं, अन् मग तेवढंच म्हणायचं राहिलं. त्याचे सोबती मेले, भाऊबंद हैदराबादला गेले. खरं नाव गावात कुणाच्याही तोंडी उरलं नाही.

पण विमलबाईंना ते नाव ठाऊक होतं! फौजेच्या कचेरीतून शकुबाईला येणाऱ्या किती पाकिटांवर त्यांनी ते वाचलं होतं. शकुबाई सही करायची नाही, अंगठा द्यायची आणि पाकिटावरच्या नावावरून हलकेच बोट फिरवायची. आणि महिन्यापूर्वी दगड आला तेव्हा विमलबाईंनी काय केलं? पहिलं नाव वाचलं, डोळे भरले आणि घरी गेल्या. खालची नावं मोजायचं सुचलंसुद्धा नाही. दिल्लीचा दगड कसा वाचावा हे गावाला शिकवणारी बाई, आणि गावचा दगड तिनं स्वतः धड वाचला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मास्तर, शकुअक्काकडं गेला होतात तवा काय झालं, अगदी तसंच सांगा."

"गेलो. नमस्कार केला. विचारलं, आजी, आजोबांचं नाव काय? त्या काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा विचारलं. तोंडाला पदर लावला त्यांनी. मला वाटलं, ऐकू कमी येतं. तिसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीकडच्या ट्रंकेकडं बोट दाखवलं. वर गोधडी अंथरली होती."

"मग?"

"मग काय? बसा म्हणाल्या असं समजून मी बसलो त्याच्यावर. चहा दिला त्यांनी. पुन्हा पुन्हा ट्रंकेकडं बोट दाखवत होत्या. मी म्हणालो, बसलोय ना आजी, आरामात बसलोय."

विमलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मास्तर, तुमच्या आईनं तुमच्या बापाचं नाव कधी घेतलं?"

"रोज घेते. हाकच मारते नावानं. का?"

"म्हणून तर घोटाळा झाला," विमलबाई म्हणाल्या आणि चपला घालून तडक निघाल्या.

४

शकुबाईचं घर सारवून लख्ख होतं. "ये विमल," ती म्हणाली आणि जमिनीवर घोंगडी अंथरली.

जमिनीवर! तेहतीस वर्षं ह्या घरात विमलबाई ट्रंकेवर बसत आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. हिरव्यागार सारवणात एक चौकोन तेवढा कोरडा, पांढुरका होता. पन्नास वर्षांत तिथं शेणाचा हात फिरला नव्हता.

"अक्का, ट्रंक कुठं गेली?"

"हाय की," शकुबाई म्हणाली. "दुरुस्तीला दिली." आणि चुलीत उगाच फुंकर मारत बसली.

विमलबाईंनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. चहा पिऊन त्या सरळ मल्लप्पाच्या अंगणात गेल्या.

मल्लप्पा पाथरवट. पाटे-वरवंटे, देवळाच्या पायऱ्या, कमानीच्या दगडावरची नावं, सगळं त्याच्या छिन्नीतलं. तो कन्नड शाळेत शिकलेला. मराठी अक्षरं वाचता येत नव्हती, पण नमुना पुढं ठेवला की असा कोरायचा की वाचणारा गार व्हावा. गावानं चोर शोधायला इथंही माणसं पाठवली होती. ती काळाभोर चकचकीत दगड शोधून परत गेली. अंगणात होते ते सगळे खडबडीत धोंडे. त्यातल्याच एका आडव्या धोंड्यावर मल्लप्पाची बायको कलाबाई मिरच्या वाळत घालत होती.

"कलाबाई, मिरच्या उचल," विमलबाई म्हणाल्या. "माझा भाऊ हाय खाली."

कलाबाईच्या हातातलं सूप पडलं. चकचकीत बाजू खाली, खडबडीत पाठ वर, असा तो दगड पालथा घातलेला होता. मल्लप्पा झोपडीतून बाहेर आला, हात जोडले आणि मटकन खाली बसला.

"हौदु अक्का. मीच आणला."

"हळदकुंकू बघितलं तवाच मला कळाया पायजे होतं. दगड गाडीतून उतरवला तवा बी तू आधी नारळ फोडलास, पाया पडलास, मगच हात लावलास. पूजा केल्याबिगर दगड हलवायचा न्हाई, ही तुझ्या घरची रीत. चोरी करताना बी सोडली न्हाईस!"

"रीत कशी सोडायची, अक्का?" मल्लप्पा कळवळून म्हणाला. "शकुअक्का आली. काय बी बोलली न्हाई. माझ्या फोनातल्या दगडाच्या फोटोकडं बोट दाखवलं, मग माझा हात धरून घरी नेलं, गोधडी काढली. मी अध्यक्षांकडं गेलो. म्हणलं, एक नाव राहिलं. ते म्हणले, यादी मंजूर झाली, पॉलिश झालं, आता हात लावू नको. शकुअक्काला म्हणलं, तुमी जाऊन सांगा. ती म्हणली, मागून घिऊ व्हय नाव? ते फौजेत गेले तवा काय मागाया गेलते?" त्यानं डोळे पुसले. "माझ्या हातचा दगड, अक्का. अर्धा ठेवू? परवा उजाडायच्या आत परत ठेवणार होतो."

झोपडीत काळी फौजी ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. चौपन्न वर्षं गोधडीखाली राहिल्यानं रंग कालच्यासारखा ताजा होता. ज्याच्यावर बसून हरिओम मास्तरनं 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं, ते हेच.

"किती राहिलंय?"

"नंबर झाला. नाव अर्धं झालं. उद्या सांजपर्यंत होतंय."

बाहेर मोटार वाजली. शिवराजचा आवाज आला, "मल्लप्पा! माझा दगड बसवायला चल, आजच मापं घेऊ!"

मल्लप्पाचा चेहरा पांढरा पडला. विमलबाईंनी पदर खोचला, बाहेर गेल्या आणि नेमक्या त्या धोंड्यावर मिरच्यांशेजारी बसल्या.

"शिवराज, परवा आठपर्यंत थांब. मी शब्द देते. दगड न्हाई आला तर तुझ्या बापाच्या नावाला पहिला हार मी घालीन."

दगड वेळेत येणार होता, पण त्याच्यावरचं अकरावं नाव गावाच्या तोंडी यायचं तर त्यांना आधी एका म्हाताऱ्या बाईचं मौन मोडायचं होतं. ते कसं मोडायचं, हे मात्र त्यांना अजून कळलं नव्हतं.

५

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला. साऱ्या गावानं छाती भरून जन गण मन म्हटलं. तहसीलदार आले, पोरं लेझीम खेळली. कमानीच्या पायथ्याशी दगड बसवलेला होता, वर पांढरं धोतर टाकलेलं. तो पहाटे कसा आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि पुन्हा एकदा भानामतीची कुजबुज सुरू झाली होती.

विमलबाईंनी माईक हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. ओलं पोतं, नारळ, अकरा दिवळ्या, मास्तरांची बैठक, ट्रंकेचा कोरडा चौकोन. मल्लप्पाचं नाव आलं तेव्हा गर्दीत खळबळ झाली, पण त्या थांबल्या नाहीत. "ह्यानं चोरी केली म्हणता? चोरी तर आपण केली. एका माणसाचं नाव चोरलं, अन् ते बी नुसतं न मोजून. त्यात मी पयली. ह्यानं चोरलेला माल परत आणलाय."

मग शिवराज पुढं आले. सगळ्यांना वाटलं, आता पेटणार. त्यांनी मल्लप्पाच्या गळ्यात स्वतःचा हार घातला.

"तू सांगाया आलास तवा मी ऐकलं न्हाई. चूक माझी," ते म्हणाले. "बापाच्या दगडाचा बसची वाट बघणाऱ्यांना कट्टा करू. त्याला तेच आवडलं असतं."

मास्तर खाली मान घालून उभा होता. विमलबाईंनी त्याला हाक मारली. "मास्तर, नावं पुकारा. शाळेत हजेरी घेता तशी. ज्याच्या घरचं नाव, त्यानं ओ द्यायची अन् दिवळीत पणती लावायची."

धोतर बाजूला झालं. मास्तरनं पुकारलं, "शिपाई रत्नपाल!"

"हजर!" विमलबाईंचा आवाज सडकेपलीकडं गेला. त्यांनी पहिली पणती लावली. भाऊ गेल्यापासूनच्या पंचवीस वर्षांत त्यांना इतकं उंच वाटलं नव्हतं.

एकेक नाव, एकेक हजर. दहा पणत्या लागल्या. अकराव्या नावाशी मास्तर आला, तोंड उघडलं, आणि विमलबाईंनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. नाव त्यांच्याही ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. ज्या बाईनं ते एवढी वर्षं जपून ठेवलं, तिच्याआधी ते उच्चारायचा हक्क कुणाला होता? त्या पहिल्या रांगेत बसलेल्या शकुबाईपाशी गेल्या आणि माईक तिच्यापुढं धरला.

शकुबाईनं पदर तोंडाला लावला. मान हलवली. न्हाई.

"बरं," विमलबाई हळूच म्हणाल्या, "नुसतं बघून ये. नीट कोरलंय का तेवढं सांग."

शकुबाई उठली. ती दगडापाशी गेली. अंगठा देणाऱ्या बाईला अक्षर कुठलं येतंय? पण हा एकच आकार तिला पाठ होता. पाकिटांवर ज्या बोटानं ती तो गिरवायची, त्याच बोटानं तिनं तो आता दगडात गिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग तोंडावरचा पदर काढला आणि गावाकडं वळली.

"शिपाई सिद्राम बिरादार!"

आवाज चिरका होता, पण एकही अक्षर अडखळलं नाही. ओही तिलाच द्यायची होती, पण तिला वेळच मिळाला नाही. मल्लप्पा ओरडला, मास्तर ओरडला, व्यंकट टपरीवरून ओरडला, शिवराज ओरडले, सगळं वडमाळ एका तोंडानं ओरडलं, "हजर!"

अकरावी पणती लागली. विमलबाई आता खुशाल रडत होत्या. त्यांनी शकुबाईचा हात धरला. "अक्का, चौपन्न वर्सं घेतलं न्हाईस. आज कसं घेतलंस गं?"

"नाव घेतलं की मालकाचं आयुष्य कमी होतंय म्हणत्यात," शकुबाई म्हणाली. "ते गेल्यावर बी मला भ्या वाटायचं, उरलंसुरलं बी कमी व्हईल." तिनं दगडावर तळहात ठेवला. कोवळ्या उन्हानं दगड ऊबदार झाला होता. "आता हितं कोरलंय. आता कुठलं कमी व्हतंय?"

आणि मग, कुणी सांगितलं नसताना, तिनं ते आणखी एकदा घेतलं.